पत्ता तोच, पेटी नवी

मराठीच्या प्राध्यापकाला लोक साधारणपणे तीन कामांसाठी हाक मारतात. लग्नपत्रिकेचा मजकूर तपासायला, निरोपसमारंभात आभार मानायला, आणि अमुक शब्दाला वेलांटी पहिली की दुसरी ही पैज मिटवायला. गेली वीस वर्षे मी ही तिन्ही कामे बिनतक्रार करीत आलो आहे. पण २०२३ च्या एप्रिलमध्ये आमच्या प्राचार्यांनी मला खोलीत बोलावले आणि चौथेच काम गळ्यात घातले.

"आपल्या विद्यापीठाची ई-मेलची व्यवस्था बदलते आहे," ते म्हणाले. "संगणक विभागानं हे परिपत्रक काढलंय. मी तीनदा वाचलं. काही समजलं नाही, आणि मी पदार्थविज्ञानाचा माणूस आहे! तुम्ही हे जरा माणसांच्या भाषेत लिहून द्या."

परिपत्रक दोन पानांचे आणि अर्थातच इंग्रजीत होते. 'मायग्रेशन', 'ऑथेंटिकेशन', 'लेगसी क्लायंट' असले शब्द ओळीओळीला दबा धरून बसलेले. मी मनाशी हिशेब केला, एका संध्याकाळचे काम. त्या एका संध्याकाळचे पुढे अडीच महिने झाले.

विद्यापीठाचे नाव मी सांगत नाही. सांगण्यात मोठासा अर्थही नाही, कारण जिथे जिथे पाचशे माणसे एका कचेरीतून पगार घेतात तिथे तिथे ही गोष्ट घडून गेली आहे, घडते आहे किंवा पुढल्या वर्षी घडणार आहे. वाचकांपैकी कित्येकांच्या घरी एखादे गृहस्थ रात्री जेवताना "आमच्या हपिसात मेलचा नुसता घोळ चाललाय" असे म्हणालेही असतील. त्या घोळात मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो होतो. तिथून काय दिसले तेवढेच सांगतो.

*

संगणक विभागातल्या ज्या तरुण अभियंत्याकडे हे काम होते, तो वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढा. मी परिपत्रक घेऊन त्याच्यापुढे बसलो आणि म्हणालो, "बाळ, मला काहीच येत नाही असं समज आणि सांग."

"समजायचं कशाला, सर?" तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

पण मुलगा हुशार होता. त्याने सांगितले ते असे. आजवर विद्यापीठाची सारी पत्रे आमच्याच आवारातल्या एका यंत्रावर येत आणि तिथेच राहत. ते यंत्र आता म्हातारे झाले होते. त्याच्या पोटात जागा उरली नव्हती, आणि चोराचिलटांपासून त्याला राखणे अवघड होऊन बसले होते. म्हणून सगळा बाडबिस्तरा उचलून एका मोठ्या कंपनीच्या यंत्रांवर न्यायचा. माणसांचे पत्ते तेच राहतील. पत्रे ठेवण्याची पेटी मात्र नव्या जागी.

"मग टपालवाल्याला नवं घर कळणार कसं?" मी विचारले.

"त्यासाठी इंटरनेटवर एक नोंदवही असते," तो म्हणाला. "अमुक संस्थेची पत्रं कुठल्या यंत्रावर टाकायची ते तिच्यात लिहिलेलं असतं. त्याला एमएक्स नोंद म्हणतात. ती एक ओळ बदलली की नवी पत्रं नव्या दारात पडायला लागतात. पण जगातल्या बाकीच्या यंत्रांनी जुनी ओळ आपापल्या वहीत उतरवून घेतलेली असते. ती पुसली जाईपर्यंत काही तास जातात, कधी एखाददुसरा दिवस. तोवर जुनं दारही उघडं ठेवायचं."

हे मला एकदम पटले. आम्ही १९९० साली वाड्यातून ब्लॉकमध्ये राहायला गेलो, तेव्हा वडिलांनी पोस्टात अर्ज दिला होता. तरीही पुढे महिनाभर आजी रोज दुपारी वाड्यावर जाऊन "काही आलंय का?" म्हणून विचारून येत असे. आमच्या अभियंत्याचे जुने दार म्हणजे ही आजीच!

जुनी पत्रे मात्र आपोआप जात नाहीत. ती एकेका पेटीतून नकलून न्यावी लागतात, रात्री, तुकड्यातुकड्यांनी. शिवाय जागा आता मोजून मिळते. एके काळी मोठ्या कंपन्या शिक्षणसंस्थांना हवी तेवढी जागा फुकट देत. गुगलने ती अमर्याद सवलत २०२२ मध्ये संपवली आणि संस्थेमागे १०० टेराबाइटची सामाईक मर्यादा घातली. त्यानंतर जगभरच्या विद्यापीठांतून माळे झाडण्याचे काम सुरू झाले. आमच्याकडेही ठरले, की निवृत्त मंडळींच्या पेट्या ३० जूनला बंद करायच्या. परिपत्रकाच्या तळाशी ही एकच ओळ बारीक अक्षरात होती. मी ती मराठीत उतरवली आणि पुढे गेलो. तिच्यावर थांबायला हवे होते, हे फार उशिरा कळले.

*

ग्रंथालयाच्या व्हरांड्यात मदतीचे एक टेबल मांडले. त्यावर एक संगणक, माझ्या सूचनापत्रांचा गठ्ठा आणि पाण्याचा तांब्या. सकाळी अकरा ते एक अभियंता आणि मी तिथे बसू लागलो.

पहिल्या दिवशी दोन माणसे आली, आणि त्यांतल्या एकाला ग्रंथालयाचे कार्ड हवे होते. चौथ्या दिवशी मात्र रांग लागली. रसायनशास्त्राच्या बाई आल्या. त्यांच्या पेटीत तेवीस हजार न वाचलेली पत्रे होती. त्या अपराध्यासारख्या म्हणाल्या, "सर, कुणाला सांगू नका हं." हेडक्लार्कसाहेब आले. त्यांचा पासवर्ड चौदा वर्षांत बदलला नव्हता. तो भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेला असे, आणि दर जानेवारीत नव्या कॅलेंडरवर उतरवला जात असे. शिपाईमंडळींनाही तो तोंडपाठ होता.

जिमखान्याचे सर आले ते भांडायलाच. नव्या व्यवस्थेत पासवर्ड दिला की मोबाइलवर एक आकडा येतो आणि तोही भरावा लागतो. कुणी पासवर्ड चोरला तरी आकड्यावाचून त्याला आत शिरता येत नाही, असा हा दुहेरी कडीचा दरवाजा. सरांना ते मान्य नव्हते. "मी मैदानावर मोबाइल नेत नाही. तीस वर्षांत नेला नाही. तुमच्या आकड्यासाठी नेणार नाही." मी वाद घालण्याच्या तयारीत होतो, पण अभियंत्याने शांतपणे एक कागद छापून दिला. त्यावर एकेकदाच चालणारे दहा आकडे होते. मोबाइल जवळ नसेल तेव्हा त्यांतला एक वापरायचा आणि खोडून टाकायचा. सरांनी कागदाची बारीक घडी केली आणि पाकिटात मारुतीच्या चित्रामागे ठेवली. "आता ठीक आहे," ते म्हणाले.

त्या दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. माणसे नव्या यंत्राला भितात असे आपण म्हणतो, ते तितकेसे खरे नाही. जिमखान्याच्या सरांना आपली तीस वर्षांची सवय मोडायची नव्हती. रसायनाच्या बाईंना आपले तेवीस हजार उघडे पडायला नको होते. प्रत्येकाचे काहीतरी त्या जुन्या पेटीत होते, आणि यंत्राच्या माहितीपत्रकात त्याचे नाव नव्हते.

*

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण न सांगणे त्याहून वाईट.

मूळ परिपत्रकात एक सूचना होती, की जुनी पत्रे 'अर्काइव्ह' करावीत, म्हणजे वेगळ्या कप्प्यात नीट लावून ठेवावीत. मी तिचे मराठी केले ते असे: 'फारशी लागत नसलेली जुनी पत्रे ३१ मेपूर्वी काढावीत.' काढावीत म्हणजे काढून बाजूला ठेवावीत, हे माझ्या मनात लख्ख होते. थंडीचे कपडे काढावेत, तसे.

एका सकाळी परीक्षा विभागातले एक लिपिक टेबलाशी आले. चेहरा प्रसन्न. "सर, तुम्ही लिहिलंत तसं केलं. दोन रात्री बसलो. सगळं स्वच्छ!"

"स्वच्छ म्हणजे?"

"नऊ वर्षांचं सगळं काढलं. केराच्या टोपलीत टाकलं, आणि मग टोपलीसुद्धा रिकामी केली. एक चिठ्ठी शिल्लक नाही!"

माझ्या हातातला तांब्या हातातच राहिला. त्या पेटीत फेरतपासणीच्या अर्जांचा सगळा पत्रव्यवहार होता. बाहेरगावच्या परीक्षकांची उत्तरे होती. काही मुलांचे वर्ष त्या उत्तरांवर अवलंबून होते. आणि ती पेटी अजून नव्या जागी नकलली जायची होती!

मी वर्गात शब्दशक्ती शिकवतो. अभिधा, लक्षणा, व्यंजना यांची उदाहरणे फळ्यावर लिहून देतो. आणि 'काढणे' या रोजच्या क्रियापदाला 'बाहेर आणणे' आणि 'नाहीसे करणे' असे दोन्ही अर्थ आहेत, हे मला सूचनापत्र लिहिताना सुचले नाही. लिपिकाची काडीचीही चूक नव्हती. त्यांनी वाचले ते मराठीच होते.

अभियंता एक शब्दही बोलला नाही. जुन्या यंत्राची दर रविवारी एक पूर्ण नक्कल काढून ठेवलेली असे, तिच्यातून त्याने ती पेटी परत उभी केली. त्याला दोन रात्री लागल्या. रविवारनंतरची तीन दिवसांची पत्रे मात्र गेली ती गेलीच. लिपिकाने आणि मी मिळून बारा परीक्षकांना फोन केले आणि पत्रे पुन्हा मागवली. प्रत्येकाला मी स्वतः सांगितले, की चूक माझी आहे. पहिला फोन जड गेला, बाराव्याला सवय झाली.

त्यानंतर सूचनापत्र नव्याने लिहिले. 'काढणे' हे क्रियापद त्यातून हद्दपार केले. 'ठेवा' आणि 'पुसून टाका' एवढेच दोन शब्द ठेवले. आणि एक नवा नियम केला: कुठलाही कागद छापायला देण्याआधी आमच्या ग्रंथालयातल्या शिपाईमामांना वाचायला द्यायचा. मामा तो मोठ्याने वाचत आणि वाचता वाचता संगणकावर तसे करून पाहत. जिथे त्यांचे बोट अडखळे, तिथे मी शब्द बदलत असे. पाच सूचनांसाठी नऊ खर्डे झाले. माझ्या कुठल्याही लेखाला संपादकांनी एवढे राबवून घेतलेले नाही!

*

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला, आणि त्याच्याबरोबर एक खोटे पत्रही आले. 'आपली पेटी चोवीस तासांत बंद होत आहे. चालू ठेवण्यासाठी खालील ठिकाणी दाबून आपला पासवर्ड भरावा.' वर विद्यापीठाची मुद्रा, खाली 'संगणक विभाग'. अशी पत्रे धाडणारे भामटे जगभर आहेत. एखाद्या संस्थेत बदल चालला आहे असा वास लागला की ते हटकून येतात, कारण त्या दिवसांत माणसे अशा पत्राची वाटच पाहत असतात.

ग्रंथालयाच्या बाईंनी फोन केला. "सर, हे तुमचंच का हो? मी पासवर्ड अर्धा लिहिलाय."

"लिहू नका! आहे तिथं थांबा!" मी ओरडलो आणि भिजत पळत गेलो.

मग आमचे खरे पत्र आणि ते खोटे पत्र शेजारी शेजारी ठेवून पाहिले. आम्ही दोघेही ओशाळलो. दोन्हीत घाई, दोन्हीत धमकी, दोन्हीत 'येथे दाबा'. उलट भामट्याचे इंग्रजी आमच्यापेक्षा बरे होते! बाईंनी आम्हाला विचारले हे त्यांचे शहाणपण. पत्रावरून ओळखण्याची सोय आम्ही ठेवलीच नव्हती.

त्याच दुपारी ठरवले, की यापुढे आमच्या कुठल्याही पत्रात दाबण्याची जागा असणार नाही. पत्रात एवढेच असेल, की टेबलाशी या किंवा सूचनाफलक पाहा. फलकावरच्या कागदावर माझी निळ्या शाईतली सही असेल. आणि सर्वांत वर ठळक अक्षरात एक वाक्य: 'तुमचा पासवर्ड कुणालाही सांगू नका, आम्हालासुद्धा नाही.' हे वाक्य वाचकांनी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना जरूर सांगावे. बँकेच्या नावाने, वीजकंपनीच्या नावाने येणाऱ्या पत्रांनाही तेच लागू आहे. खरा माणूस पासवर्ड विचारीत नाही.

*

एकोणतीस जून. टेबल उचलण्याचा आदला दिवस. पाऊस कोसळत होता. रिक्षातून एक वृद्ध गृहस्थ उतरले आणि छत्री झटकत व्हरांड्यात आले. मी पटकन उठून उभा राहिलो. ते आमचे इतिहासाचे सर. बी.ए.ला त्यांनी मला पेशवाई शिकवली होती. २००५ मध्ये निवृत्त झाले, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे.

"काय रे," ते म्हणाले, "उद्या माझी पेटी बंद करणार म्हणे तुम्ही?"

"सर, तुम्हाला पत्र गेलं होतं…"

"ते उघडेल तर ना. घरचा संगणक महिनाभर नुसता 'नाही, नाही' म्हणतोय."

अभियंत्याने उलगडा केला. सरांच्या घरी जुना संगणक आणि त्यात पत्रे वाचण्याची जुनी सोय. नव्या व्यवस्थेची कडी तिला उघडता येत नव्हती. आम्ही सरांना टेबलावरच्या संगणकावर बसवले आणि पेटी उघडून दिली. सारी पत्रे व्यवस्थित नव्या घरी आली होती. सरांनी एका कप्प्यावर बोट ठेवले. "हा उघड."

त्यात एक्केचाळीस पत्रे होती, २००१ च्या मे ते ऑक्टोबरमधली. पहिले उघडले आणि पडद्यावर नुसता कचरा सांडला. सुटी इंग्रजी अक्षरे, टोप्या घातलेले स्वर, पौंडाच्या खुणा, उद्गारचिन्हे. दुसरे तसेच. तिसरेही तसेच.

सर बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "नेताना नासली का रे पत्रं?"

ती पत्रे त्यांच्या पत्नीची होती. मुलगी न्यू जर्सीत. तिच्या बाळंतपणासाठी बाई सहा महिने तिकडे गेल्या होत्या. फोन महाग, म्हणून जावयांनी त्यांना संगणकावर मराठी टंकलेखन शिकवले, आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्या नवऱ्याला पत्रे लिहू लागल्या. २०११ मध्ये त्या गेल्या. सर ती पत्रे घरच्या जुन्या संगणकावर अधूनमधून उघडून वाचत असत. बाकी पेटीत काय आहे याची त्यांना फिकीर नव्हती.

*

अभियंता कपाळाला आठ्या घालून बसला होता. तो मुलगा २००१ मध्ये दोन वर्षांचा होता, त्याला हे ठाऊक नसणेच स्वाभाविक. मला मात्र ती टोपीवाली अक्षरे पाहून एकदम एम.ए.चे दिवस आठवले. माझा लघुप्रबंध मी याच भानगडीत टंकला होता!

ती भानगड अशी. ई-मेल ही मुळात इंग्रजी लिपीत जन्मलेली वस्तू. अमेरिकेतल्या केंब्रिज गावी रे टॉमलिन्सन या अभियंत्याने १९७१ मध्ये एका यंत्रावरून शेजारच्याच यंत्रावर पहिले पत्र धाडले. पत्त्यातले 'ॲट'चे चिन्ह त्यानेच निवडले. त्या पहिल्या पत्रात काय लिहिले होते, ते मात्र पुढे त्याच्या लक्षातही राहिले नव्हते! त्या काळच्या यंत्रांना एकूण १२८ खुणा ठाऊक होत्या, आणि त्यांत आपला 'क' नव्हता. भारतात १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला. मुंबईच्या एन.सी.एस.टी.सह मोजक्या शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्था त्यातून जोडल्या गेल्या. १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांना इंटरनेट दिले. पण पत्र लिहायचे ते इंग्रजीत, नाहीतर इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत.

मग आपल्या लोकांनी युक्ती काढली. इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर देवनागरीची चित्रे बसवली. यंत्राला वाटे की हे इंग्रजी अक्षर आहे, आणि आपल्याला दिसे 'क'. हा अक्षरांचा संच, म्हणजे फॉन्ट, दोन्ही टोकांना असला की पत्र मराठी. एका टोकाला नसला की सोंग उतरले आणि खालचा कचरा दिसला. शिवाय एका कंपनीच्या संचाचे दुसऱ्याशी जमत नसे. खरा उपाय आधीच निघाला होता. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने जगातल्या लिप्यांतल्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिले. त्यात 'क'चा क्रमांक २३२५, आणि तो जपानपासून ब्राझीलपर्यंत 'क'च. पण घरोघरच्या संगणकांत तो रुळायला वेळ लागला. बाईंनी पत्रे लिहिली ती या मधल्या काळात.

"सर, पत्रं नासली नाहीत," मी म्हणालो. "त्यांचा चष्मा हरवलाय."

घरी जाऊन मी माळा उपसला. लघुप्रबंधाची सीडी सापडली, आणि तिच्यात तो फॉन्ट होता. रात्री आठ वाजता अभियंता आणि मी सरांच्या घरी पोचलो. फॉन्ट चढवला, पहिले पत्र त्यात ओतले, आणि कचऱ्यातून ओळी उभ्या राहिल्या. सरांनी चष्मा काढून पुसला.

पण तेवढ्याने भागणार नव्हते. पुन्हा फॉन्ट हरवला तर पुन्हा कचरा! म्हणून सारी पत्रे युनिकोडमध्ये आणायची होती. त्यासाठी रूपांतराची सोय असते, पण ती चुका करते. जुन्या संचांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. त्यामुळे वेलांट्या भलत्याच डोक्यावर जाऊन बसतात आणि रफार भटकतात. कुणीतरी एकेक शब्द डोळ्यांखालून घालायला हवा होता.

"सर, ही तुमची घरातली पत्रं," मी म्हणालो. "मी वाचणं बरं दिसत नाही."

"वाच," सर म्हणाले. "मी शेजारी बसतो. एकच सांगतो, तिचं शुद्धलेखन सुधारू नकोस."

इथे खरी पंचाईत होती. यंत्राच्या चुका दुरुस्त करायच्या, बाईंच्या नाहीत. पण कुठली कुणाची? 'दुध' बाईंचे, 'मिठाइ' बाईंची, 'रफार' चुकलेला 'सूर्य' यंत्राचा. प्रत्येक ठिकाणी मी सरांकडे पाही, आणि ते "तिचं, राहू दे" किंवा "छे, हे ती असं लिहीत नसे" म्हणत. अभियंता जुळवून घेत होता. साडेअकराला सरांनी स्वतः उठून चहा केला.

रात्री एकच्या सुमारास ११ सप्टेंबर २००१ चे पत्र आले. त्या दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. इकडे संध्याकाळ झाली होती, आणि सर फोन फिरवत होते, पण फोन लागत नव्हता. रात्री नऊ वाजता हे पत्र पोचले. त्यातली एक ओळ सरांच्या परवानगीने देतो: 'जावई सुखरूप आहेत, निरोप आला. बाळ झोपले आहे आणी मी तुम्हाला लिहिते आहे.'

'आणी'. दुसरी वेलांटी. मी आधीची पत्रे चाळली. सगळीकडे दुसरीच. एवढ्या नियमाने यंत्र चुकत नाही, असे मनात आले, तरी खात्री करावी म्हणून सरांकडे पाहिले.

"तिचंच आहे," सर म्हणाले. "तीस वर्षं मी सांगत होतो, 'आणि'ला पहिली वेलांटी. ती म्हणायची, 'आणी' म्हटलं की पुढे अजून काही सांगायचं असतं, तो शब्द लांबच हवा."

पहाटे चार वाजता एक्केचाळिसावे पत्र झाले. मुलीने वडिलांसाठी एक खाजगी पेटी उघडून दिली होती, तिच्यात सारी पत्रे पाठवली. एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवली, आणि सकाळी झेरॉक्सच्या दुकानात एक प्रत छापून बांधून घेतली. ३० जूनला संध्याकाळी ठरल्याप्रमाणे निवृत्तांच्या पेट्या बंद झाल्या.

त्या यादीत सरांसारखे आणखी सदतीस जण होते. उरलेल्या चार तासांत अभियंत्याने आणि मी प्रत्येकाला फोन केला आणि एकच प्रश्न विचारला: "पेटीत तुमचं काही राहिलंय का?" नऊ जणांचे राहिले होते. ते काढून दिले, म्हणजे बाहेर आणून दिले. हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. पुढल्या वेळी माझे सूचनापत्र याच प्रश्नाने सुरू होणार आहे, आणि शिपाईमामांनी तो वाचून मंजूरही केला आहे.

टेबल उचलले, तांब्या घरी आला, मी पुन्हा वर्गात जाऊ लागलो. ऑक्टोबरात सहामाहीचे पेपर तपासायला आले. दुसऱ्याच उत्तरपत्रिकेत 'आणी' भेटले. लाल पेन सवयीने पुढे गेले, आणि तिथे थोडा वेळ थांबले. मग मी ती वेलांटी दुरुस्त केली, कारण त्याचाच मला पगार मिळतो. पण अर्धा गुण मात्र कापला नाही.